‘हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही’ : एका पाटीचा इतिहास

समजा, तुमच्या वाढदिवसाला न्यू जर्सीतल्या मावसभावाने एका मोठ्या ई-दुकानाचं २५ डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवलं. तुम्ही त्याचा कोड आपल्या नेहमीच्या भारतीय खात्यात टाकता. चालत नाही, कारण कार्ड अमेरिकेतल्या दुकानाचं आहे. मग तुम्ही अमेरिकेतल्या दुकानात खातं उघडता. आता कोड चालतो, २५ डॉलर जमा झालेले दिसतात. हवं ते पुस्तक शोधता आणि तिथे पाटी लागलेली असते : हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.

गंमत बघा. पैसे आहेत. प्रती संपण्याचा प्रश्नच नाही, कारण ई-पुस्तकाच्या प्रती संपत नाहीत. दुकान चोवीस तास उघडं आहे. तरीही व्यवहार होत नाही.

मी एमएस्सी केलं पदार्थविज्ञानात आणि पीएचडी करते आहे ती विज्ञानाची इंग्रजी पाठ्यपुस्तकं भारतात कशी, कुठून आणि कुठल्या भावाने आली या विषयावर. ‘यात संशोधन काय करायचं असतं?’ असं विचारणाऱ्यांना मी हल्ली वरच्या पाटीचंच उदाहरण देते. ही पाटी संगणकवाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती निदान पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. आधी ती बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याच्या हातात होती, मग पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आली आणि आता आपल्या पडद्यावर आली आहे, एवढाच फरक.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून ठेवू या. वरच्या प्रसंगात कुलपं दोन आहेत. एक कार्डाला आणि एक पुस्तकाला. लोक दोन्हींना मिळून ‘रीजन लॉक’ म्हणतात, पण त्यांचे किल्लीवाले वेगळे आहेत. कार्डाचं कुलूप दुकानाने आणि सरकारी नियमांनी लावलेलं असतं. पुस्तकाचं कुलूप लेखक आणि प्रकाशक यांच्यातल्या कराराने लावलेलं असतं. म्हणून पहिलं उघडलं तरी दुसरं उघडत नाही.

डब्लिनची पुस्तकं

ब्रिटनमध्ये १७१० साली पहिला आधुनिक म्हणता येईल असा कॉपीराइट कायदा आला. तो आयर्लंडला लागू नव्हता. परिणाम काय झाला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. लंडनमध्ये निघालेलं पुस्तक डब्लिनचा छापखानेवाला लहान आकारात, स्वस्तात छापायचा. आयर्लंडमध्ये ते पूर्ण कायदेशीर होतं. पण तेच पुस्तक गलबतातून ब्रिटनमध्ये आणलं की गुन्हा. १७३९ साली अशा आयातीवर कायद्याने बंदीच घातली गेली. आयर्लंड ब्रिटनला जोडल्यानंतर, १८०१ मध्ये, कॉपीराइट तिथेही लागू झाला आणि हा धंदा बसला.

इथे पाटीचं मूळ रूप दिसतं. पुस्तक तेच, शब्द तेच, पण समुद्राच्या एका काठावर ते वैध आणि दुसऱ्या काठावर अवैध. कारण कॉपीराइट हा हक्क मुळातच देशाच्या हद्दीपुरता असतो. जगभर चालणारा एकच कॉपीराइट असं काही तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. १८८६ च्या बर्न कराराने देशांनी एकमेकांच्या लेखकांना संरक्षण द्यायचं मान्य केलं, पण प्रत्येक देशाने ते आपापल्या कायद्याप्रमाणेच द्यायचं.

पुढचा टप्पा जर्मनीत, लायप्झिगला. बर्नहार्ड टाउखनिट्झ या प्रकाशकाने १८४१ साली इंग्रजी पुस्तकांची एक स्वस्त माला सुरू केली. हा माणूस चोरून छापणाऱ्यांतला नव्हता. तो लेखकांना पैसे देऊन परवानगी घ्यायचा. डिकन्ससारखे लेखक त्याच्याकडे खुशीने गेले. पण परवानगी युरोपच्या मुख्य भूमीपुरतीच असायची, आणि ही आवृत्ती ब्रिटनमध्ये नेऊ नये अशी सूचना पुस्तकावरच छापलेली असायची. फ्रान्स-जर्मनी फिरून परतणारे इंग्रज प्रवासी ही पुस्तकं कोटाच्या खिशात लपवून आणत आणि कस्टमवाले ती जप्त करत. माला जवळजवळ शंभर वर्षं चालली आणि पाच हजारांच्या वर खंड निघाले. म्हणजे अधिकृत, लेखकाला मोबदला देऊन छापलेलं पुस्तकसुद्धा चुकीच्या देशात गेलं की बेकायदा ठरतं, ही कल्पना तेव्हाच पक्की झाली होती.

आपण या नकाशात कुठे होतो?

१८८६ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने ‘कलोनियल लायब्ररी’ सुरू केली. कादंबऱ्या आणि इतर पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या, फक्त भारत आणि ब्रिटिश वसाहतींत खपवण्यासाठी. तसं त्यांच्यावर छापलेलंही असायचं. उलट्या बाजूने बघा : लंडनच्या वाचकाला ही स्वस्त प्रत घेता येत नव्हती. बंधन नेहमी गरीब देशाच्याच वाचकावर असतं असं नाही. कधी ते श्रीमंत देशाच्या वाचकाला स्वस्त मालापासून दूर ठेवायला असतं.

साम्राज्य गेलं, पण नकाशा राहिला. १९४७ सालीच ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात एक करार केला. एखाद्या अमेरिकन पुस्तकाचे हक्क घ्यायचे तर ते संपूर्ण ‘पारंपरिक बाजारपेठे’साठी घ्यायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत. या बाजारपेठेत सुमारे सत्तर देश आणि प्रदेश होते, त्यांत भारत होता. देश स्वतंत्र झाला, पण पुस्तकांच्या हक्कांच्या बाबतीत आपण लंडनच्या वाटणीतच राहिलो. अमेरिकेच्या न्याय खात्याने या व्यवस्थेविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि १९७६ मध्ये झालेल्या तडजोडीने करार संपला. करार संपला तरी सवय मात्र गेली नाही. आजही पुस्तकाचा करार करताना ‘ब्रिटन आणि राष्ट्रकुल’ हा एक गठ्ठा आणि ‘उत्तर अमेरिका’ हा दुसरा गठ्ठा अशीच वाटणी पुष्कळदा होते.

आता तुमच्यापैकी जे विज्ञान किंवा इंजिनिअरिंगला होते त्यांनी आपलं एखादं इंग्रजी पाठ्यपुस्तक काढून बघा. मागे किंवा आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं : ही आवृत्ती फक्त भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका वगैरे देशांत विक्रीसाठी. कागद थोडा पातळ, रंगीत चित्रं काळी-पांढरी झालेली, पण समीकरणं तीच. आणि किंमत अमेरिकन आवृत्तीच्या कितीतरी खाली. त्या बारीक अक्षरातल्या ओळीमुळेच ते पुस्तक तुम्हाला परवडलं होतं.

पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, दोन टोकांमध्ये विभवांतर टिकवायचं असेल तर मधे इन्सुलेटर लागतो. इथे किंमतींमधला फरक म्हणजे विभवांतर आणि विक्रीची हद्द म्हणजे इन्सुलेटर. तो काढला की माल स्वस्ताकडून महागाकडे वाहू लागतो.

तो वाहतोच. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी १९९७ मध्ये गणित शिकायला अमेरिकेत गेला. त्याचे नातेवाईक थायलंडमध्ये पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आशियाई आवृत्त्या विकत घेऊन त्याला पाठवायचे आणि तो त्या अमेरिकेत ऑनलाइन विकायचा. विली प्रकाशनाने त्याला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टात ज्यूरीने आठ पुस्तकांबद्दल मिळून सहा लाख डॉलर भरपाई ठरवली. पण १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला. पुस्तक एकदा रीतसर विकलं गेलं की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो, मग ती प्रत जगात कुठेही छापलेली असो.

या तत्त्वाला ‘पहिली विक्री’ म्हणतात. अमेरिकेत ते १९०८ च्या एका खटल्यापासून चालत आलं आहे. एका कादंबरीवर प्रकाशकाने ‘एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये’ असं छापलं होतं आणि मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. कोर्ट म्हणालं, दुकानाने प्रत विकत घेतली आहे, आता किंमत त्याची. फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा धंदा, लायब्ररी, मित्राला वाचायला दिलेलं पुस्तक, हे सगळं याच तत्त्वावर उभं आहे. फोर्टच्या किंवा अप्पा बळवंत चौकाच्या विक्रेत्याला प्रकाशकाचं परवानगीपत्र लागत नाही ते यामुळेच.

आपल्याकडे आयातीच्या बाबतीत निकाल उलटा गेला होता. १९८४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर पेंग्विनचा खटला आला. भारतातले हक्क पेंग्विनकडे होते आणि एका वितरकाने त्याच २३ पुस्तकांच्या अमेरिकन आवृत्त्या आणून इथे विकायला काढल्या होत्या. त्या प्रती अमेरिकेत पूर्ण कायदेशीर होत्या. तरी न्यायालयाने सांगितलं, भारतातले हक्क दुसऱ्याकडे असताना विक्रीसाठी अशी आयात करणं हे उल्लंघनच. पुढे २०१० च्या दुरुस्ती विधेयकात अशा आयातीला मोकळीक देणारं कलम होतं. प्रकाशकांनी जोरदार विरोध केला आणि २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम त्यात नव्हतं.

आणि गिफ्ट कार्ड?

पुस्तकासाठीचं गिफ्ट कार्ड ही कल्पनासुद्धा पुस्तकवाल्यांचीच. लंडनच्या चॅटो अँड विंडस या प्रकाशनसंस्थेतल्या हॅरल्ड रेमंड यांनी १९२६ च्या सुमाराला एक साधी गोष्ट हेरली. नाताळला लोक एकमेकांना पुस्तकं देत नाहीत, कारण समोरच्याला कुठलं आवडेल, त्याच्याकडे कुठलं आधीच आहे, हे कळत नाही. मग पुस्तकाऐवजी पुस्तकाचं टोकन द्यावं. विक्रेते बरीच वर्षं का-कू करत राहिले आणि शेवटी १९३२ मध्ये ‘बुक टोकन’ सुरू झालं. एका दुकानातून घ्यायचं, दुसऱ्या कुठल्याही सहभागी दुकानात वटवायचं, हिशोब मागाहून मध्यवर्ती संस्थेत. तेव्हा ब्रिटनमध्ये पुस्तकांच्या किमती देशभर ठरलेल्या असायच्या, त्यामुळे कुठे वटवलं याने ग्राहकाला फरक पडत नव्हता. पण टोकन चालायचं ते त्या व्यवस्थेच्या हद्दीतच. देश बदलला की चलन बदललं, किमती बदलल्या, हिशोब करणारी संस्था संपली.

आजचं ई-कार्ड अजून देशाला बांधलेलं आहे, त्यामागे हीच कारणं आहेत, थोडी वाढलेली. पहिलं, चलन. दुसरं, कर. ई-पुस्तकावर कर लागतो तो साधारणपणे ग्राहकाच्या देशाचा. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण ई-पुस्तकावर आहे; छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे ग्राहक कुठल्या देशातला, हे दुकानाला माहीत असावंच लागतं. तिसरं, आगाऊ भरलेल्या पैशांचे नियम. फक्त स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण इतरत्र चालणाऱ्या गिफ्ट कार्डाला लागते, त्यात दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम ठेवता येत नाही आणि ती रोख काढता येत नाही. प्रत्येक देशाचे असे वेगळे नियम असतात, त्यामुळे प्रत्येक देशाचं कार्ड वेगळं.

इथे एक मजेशीर फट पडते. क्रेडिट कार्डावर बिलाचा पत्ता असतो, म्हणून त्यावरून देश कळतो. गिफ्ट कार्डावर पत्ता नसतो. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या दुकानातून ई-पुस्तक घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी जगभर गिफ्ट कार्डाचाच रस्ता धरला. एका परीने ही टाउखनिट्झची प्रत कोटाच्या खिशात लपवण्याचीच नवी तऱ्हा. आणि दुकानांनीही कस्टमवाल्यासारखंच केलं : खात्यात नोंदलेला पत्ता, इंटरनेट कुठून जोडलंय, आधी कुठल्या देशातून खरेदी झाली, हे बघायला सुरुवात केली. हे प्रामुख्याने प्रकाशकाशी झालेला करार पाळण्यासाठी. दुकानाला तुम्हाला विकायला आवडलंच असतं.

ई-पुस्तकाने काय बदललं

किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं ते फक्त अमेरिकेत. भारतासह इतर देशांत ते ऑक्टोबर २००९ पासून मिळू लागलं. रुपयांत किमती असलेलं भारतीय किंडल दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडलं आणि मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं तिथे डिसेंबर २०१६ मध्ये आली. दरम्यानच्या काळात भारतीय वाचक यंत्र हातात घेऊन अमेरिकन दुकानाच्या दारात उभा होता आणि पाटी वाचत होता.

पण खरा बदल वेगळाच आहे. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या किंडल वाचकांच्या यंत्रांतून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं एकाएकी नाहीशी झाली. ज्या विक्रेत्याने ती चढवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. ऑस्ट्रेलिया, कॅनडात ही पुस्तकं मुक्त झालेली होती, अमेरिकेत नव्हती. कंपनीने पैसे परत केले, टीका झाल्यावर मालकांनी जाहीर माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने पुस्तकावर काढलेली टिपणं त्याला निरुपयोगी झाली आणि ते प्रकरण कोर्टात गेलं.

विचार करा. कस्टमवाला पुस्तक बंदरावर अडवायचा. एकदा ते घरी पोचलं की तो मागोमाग घरात शिरत नव्हता. इथे तो कपाटापर्यंत आला.

कारण कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ई-पुस्तक ‘विकत’ घेतच नाही, तुम्हाला ते वाचायचा परवाना मिळतो. आणि विक्री झाली नाही तर ‘पहिल्या विक्री’चं तत्त्वही लागू होत नाही. युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ ला डच कंपनी टॉम कॅबिनेटच्या खटल्यात हेच सांगितलं : वापरलेली ई-पुस्तकं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येणार नाहीत. डिसेंबर २०१८ पासून युरोपीय संघाने ऑनलाइन दुकानांना देश बघून ग्राहक नाकारायला बंदी केली, पण त्यातूनही ई-पुस्तकं वगळली.

एकाच वर्षी गेलेले दोन लेखक

आता आपल्या घरातलं उदाहरण. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत गेला. साने गुरुजी त्याच वर्षी जूनमध्ये गेले. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो (१९९२ पर्यंत ५० होता). म्हणजे १ जानेवारी २०११ पासून दोघांचंही लेखन भारतात मुक्त आहे. ‘श्यामची आई’ कुणीही छापावी, ई-पुस्तक करावं, फुकट वाटावं.

अमेरिकेत मात्र इतक्या जुन्या पुस्तकांचा हिशोब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. १९९६ मध्ये अमेरिकेने, मायदेशात तेव्हा हक्क शिल्लक असलेल्या परदेशी पुस्तकांना संरक्षण परत दिलं आणि तेव्हा गुरुजींच्या पुस्तकाचे हक्क भारतात शिल्लक होते. पुस्तक १९३५ चं. त्यात ९५ वर्षं मिळवा : २०३० अखेरपर्यंत. ‘१९८४’ चं याच गणिताने २०४४ अखेरपर्यंत. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मुलीने मूळ मराठी ‘श्यामची आई’चं ई-पुस्तक करून जगभरासाठी चढवलं, तर भारतात ते चोख आणि न्यू जर्सीतल्या मराठी शाळेसाठी तांत्रिकदृष्ट्या अडचणीचं. ऑर्वेलचीच गोष्ट, फक्त पुस्तक आपलं.

मग सीमा नकोतच का?

इतकं सरळ नाही. हद्दी उठल्या तर प्रकाशक भारतासाठी वेगळी, स्वस्त आवृत्ती काढेल का, हा प्रश्न मला माझ्या कामात रोज भेटतो. सबंध जगाला एकच किंमत म्हटलं तर ती नागपूरच्या विद्यार्थ्याच्या खिशाकडे बघून ठरणार नाही.

पण छापील पुस्तकाच्या काळात हा इन्सुलेटर कधीच पूर्ण नव्हता. परदेशातून येणारी मावशी बॅगेत चार पुस्तकं आणायची. सीनियर ज्युनियरला द्यायचा. रद्दीत, फुटपाथवर, लायब्ररीच्या जुन्या साठ्यात पुस्तक सापडायचं. हद्द होती आणि पाझरही होता. ई-पुस्तकाने हद्द तशीच ठेवली आणि पाझर बंद केला. माझा आक्षेप इथे आहे. प्रकाशकाला देशागणिक किंमत ठरवू द्या. पण ज्या पुस्तकाला एखाद्या देशात कुणी विक्रेताच नाही, ते तिथल्या वाचकाला नाकारण्यात कुणाचा फायदा? लेखकाला मानधन नाही, प्रकाशकाला पैसे नाहीत, वाचकाला पुस्तक नाही. पुष्कळदा पाटीमागे कुणाचा नकारही नसतो. त्या देशाचे हक्क विकलेच गेलेले नसतात, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी परदेशातल्या नातेवाईकाला सांगा : कार्ड घेण्याआधी ते माझ्या देशाच्या दुकानात चालतं का ते बघ, आणि मला हवं ते पुस्तक तिथे आहे का तेही मला बघू दे. या दोन वेगळ्या चौकश्या आहेत. पुस्तक नसेल तर लेखकाला किंवा प्रकाशकाला दोन ओळी लिहा, की भारतात मागणी आहे. हक्क शिल्लक पडलेले असतील तर अशा पत्राचा उपयोग होऊ शकतो. आणि छापील प्रत मिळत असेल, परवडत असेल, तर ती बॅगेत घालून आणायला सांगा. ती तुमची राहील, आणि तुमचं वाचून झालं की दुसऱ्या कुणाची तरी होईल.